दयाळाचं पांढरं पोट

एप्रिलच्या पहिल्या रविवारी आमच्या घरी कुलर निघतो. वर्षभर जिन्याखाली जुन्या चादरीत गुंडाळून पडलेला तो पत्र्याचा ठोकळा आमचे हे अंगणात ओढत आणतात. मागच्या वर्षीच्या ताट्या काढून फेकतात, नव्या वाळ्याच्या ताट्या बसवतात, पंप चालतो का ते पाहतात. नळीतून पहिलं पाणी ताट्यांवर उतरलं की तो वास घरभर होतो. ओल्या गवताचा, थोडा मातीचा, थोडा गंजाचा. वऱ्हाडात जन्म गेलेल्या माणसाला हा वास आला की पुढचे अडीच महिने एका झटक्यात दिसतात: दुपारची बंद दारं, खिडकीवरची ओली पोती, पन्ह्याचा तांब्या, गच्चीवर वाळणाऱ्या कुरडया, खिशात कांदा टाकून घराबाहेर पडणारी माणसं.

यंदा वास आला आणि मला काहीच झालं नाही. खरं सांगायचं तर वर्षभर मी या वासाला भीत होते. तो येईल तेव्हा मी कोसळेन, निदान दोन मिनिटं भिंतीला टेकून उभी राहीन, असं मनाशी धरून बसले होते. वास आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. पोळ्या नेहमीसारख्या गोल आल्या. बाहेरून यांनी विचारलं, "हवा येऊन राहिली का बराबर?" मी म्हटलं, "येऊन राहिली." संपलं.

त्याच संध्याकाळी आशूचा फोन आला. आशू म्हणजे अश्विनी, आमची एकुलती एक मुलगी. अकोल्याला असते, तिथल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. गेलं वर्षभर तिचा फोन म्हणजे हवामान खात्याची बातमी झालेला होता. तिकडे किती तापलं, इकडे किती तापलं, नळाला पाणी किती दिवसांनी आलं. त्यापुढे ती जायची नाही आणि मीही जायची नाही. त्या दिवशी मात्र तिने एकदम सांगितलं, "आई, फरहानाले पोरगी झाली. बरी हाय दोघींची तब्येत. तिच्यासाठी एक कार्ड करून दे ना मले. हातानं."

फरहाना तिच्याच शाळेत गणित शिकवते. मी फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"काय काढू त्याच्यावर?"

"पक्षी काढ. दयाळ काढ."

"दयाळच?"

"हो, दयाळच," ती म्हणाली आणि अकोल्याला पारा कुठे गेला ते सांगू लागली.

मी एकतीस वर्षं अमरावतीच्या एका शाळेत चित्रकला शिकवली. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसणाऱ्या पोरांच्या किती पिढ्या माझ्या हाताखालून गेल्या, मोजदाद नाही. शिस्तीची बाई म्हणून माझं नाव होतं. मागून काय म्हणायचे तेही मला ठाऊक आहे. पण गेल्या उन्हाळ्यापासून मी ब्रशला हात लावला नव्हता. रंगांच्या ट्यूबा आतल्या आत वाळून गोटे झाल्या होत्या. तरीही आशूने नेमका तोच पक्षी मागितला होता, आणि तेही एका नव्या बाळासाठी. ती मला काय सांगू पाहत होती, मला कळेना. मी यांना विचारलं, "तिनं दयाळच काहून सांगितला असंन?"

"दयाळ पायजे असंन म्हणून," हे म्हणाले. जन्मभर रेल्वेत काढलेला माणूस. बडनेऱ्याला गाडी आली की आली म्हणायचं, गेली की गेली म्हणायचं. त्यामागे काही असतं यावर त्यांचा विश्वास नाही.

गेल्या वर्षी याच दिवसांत आशू माहेरी होती. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपल्याकडचा नियम. सातव्या महिन्यात चोळी-बांगडी करून आम्ही तिला अमरावतीला आणली. आणखीही एक नियम आहे. तो कुठे लिहिलेला नाही, पण प्रत्येक घरात पाळतात. पोटातलं बाळ जगात येईपर्यंत त्याच्या नावानं काही करायचं नाही. झबलं विकत आणायचं नाही, पाळणा आणायचा नाही, नाव ठरवून ते बोलून दाखवायचं नाही. जुनी लुगडी फाडून दुपटी करून ठेवली तर चालतात, कारण ती आधीचीच असतात. माझ्या आईने हा नियम पाळला, सासूबाईंनी पाळला, आणि मीही आशूच्या वेळी पाळला होता.

गेल्या वर्षी मी तो मोडला. मोडला असं तेव्हा वाटलंही नाही. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, हात शिवशिवत होते, आणि पहाटे पाच वाजता अंगणातल्या कडुनिंबाच्या शेंड्यावर एक दयाळ येऊन बसायचा. हिवाळाभर हा पक्षी आपल्या आसपासच असतो, पण मुका. कुंड्यांमधून किडे वेचत फिरतो, कोणाच्या लक्षातही येत नाही. उन्हाळा लागला की त्याच्या गळ्यात काय संचारतं कोण जाणे. उजाडण्याआधीच सुरू होतो, आणि एक ओळ पुन्हा तशीच म्हणत नाही. आशूला पोटामुळे झोप यायची नाही. आम्ही दोघी ओसरीवर बसून ऐकायचो. ती खुर्चीत, मी पायरीवर. एके दिवशी ती म्हणाली, "आई, बारशाच्या कार्डावर हाच काढ." मी काढला. एक जमला तेव्हा दुसरा काढला, आणि असे पंचवीस झाले. काळाभोर पक्षी, पंखावर पांढरी पट्टी, पांढरं पोट, वर उचललेली शेपूट. आत मजकुरासाठी जागा कोरी ठेवली, कारण नाव नव्हतं आणि तारीख नव्हती. एवढा नियम मी पाळला.

दिवस भरत आले असताना एका सकाळी आशू म्हणाली, "आई, काल संध्याकाळपासून हालचाल नाही वाटून राहिली." पुढचं सगळं मी खूप वेळा आठवलं आहे आणि आता त्याच्या कडा झिजल्यात. ऑटो, दवाखाना, पोटावर फिरणारं ते यंत्र, आणि यंत्र फिरवणाऱ्या बाईंचं एकदम गप्प होणं. आशूला कळा द्याव्याच लागल्या. त्यात सुटका नव्हती. मुलगी झाली. ती रडली नाही.

तिला मी पाहिलं, तिच्या आजोबांनी पाहिलं, जावयांनी पाहिलं. नर्सनं मला बाजूला घेऊन विचारलं, "आईले दाखवायचं काय?" मी एका क्षणाचाही विचार न करता म्हटलं, "नको. नाही पाहिलं तर लवकर विसरंन." मोठ्या बायका असंच सांगत आलेल्या आहेत. एकतीस वर्षं मी पोरांना शिकवलं की जे काढायचं ते आधी नीट पाहून घ्या, न पाहता काढाल तर चुकेल. आणि माझ्या स्वतःच्या लेकीला मी म्हटलं, पाहू नको.

त्या दुपारी हे आणि जावई पांढऱ्या कापडात तिला घेऊन गेले आणि तासाभरात परत आले. अंघोळी केल्या. चहा घेतला.

मग काहीच नाही. हे "काहीच नाही" कसं सांगावं? घरात माणूस गेलं की पुढच्या तेरा दिवसांत काय करायचं ते आपल्याला ठाऊक असतं. कोण येणार, कोण पिठलं-भाकर आणणार, कोण कुठे बसून रडणार, सगळं ठरलेलं. तिच्यासाठी काही ठरलेलंच नव्हतं. सुतक नाही, दहावा नाही, तेरवी नाही. नाव नाही म्हणून नावानं रडायची सोय नाही. बायका यायच्या, पाच मिनिटं टेकायच्या, म्हणायच्या, "पहिलटकरीण हाय, जवान हाय, होईन पुढच्या वर्षी." जणू बस चुकली होती. शेजारच्या काकू मोगऱ्याची फुलं घेऊन आल्या. अंगावरचं दूध आटायला ती छातीशी बांधायची असतात. मी रोज संध्याकाळी आशूला फुलं बांधायचे आणि सकाळी ती काढायचे. कोमेजलेली, पिवळी पडलेली, दुधानं चिकट झालेली. आशू भिंतीकडे पाहत बसायची आणि मी गाठ मारायची. खोलीत मोगऱ्याचा वास इतका असायचा की लग्नघर वाटावं. तेव्हा मला दुःख झालं असं लिहिलं तर शोभेल. पण खोटं कशाला लिहू. माझे हात नीट चालत होते आणि आत सगळं बधिर होतं, दात काढल्यावर गाल होतो तसं. चिमटा काढला तर कळतं की चिमटा आहे. दुखत नाही.

तेराव्या दिवशी मी ती पंचवीस कार्डं काढली, न्हाणीघरात बादली भरली आणि एकेक धुतलं. जाळणं माझ्याच्यानं झालं नसतं आणि ठेवणंही होत नव्हतं. जाड कागद फाटत नाही, बोट फिरवलं की रंग सुटतो. काळा पाण्यात उतरला, पण पूर्ण गेला नाही. प्रत्येक कागदावर करड्या रंगाचा एकेक पक्षी राहिला. मागे वळून पाहिलं तर आशू न्हाणीच्या दारात उभी होती.   तिच्या तोंडाकडे पाहून मला वाटलं, हिला कळलंय. हिच्या आईने नियम मोडला आणि हिला ते भोगावं लागलं, हे हिला कळलंय. महिनाभराने ती अकोल्याला गेली आणि आमचं बोलणं हवामानावर आलं.

मी शिकलेली बाई आहे. कार्ड काढल्यानं बाळ जात नाही हे मला कळतं. पण कळणं एका खोलीत बसतं आणि वाटणं दुसऱ्या खोलीत, आणि मधलं दार माझ्याकडून काही उघडेना.

त्या वर्षीची अखजी आठवते. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे गेलेल्या माणसांच्या नावानं मातीच्या घागरी भरतात, वर आंबा ठेवतात, पुरणपोळीचा घास काढतात. मी दरवर्षीप्रमाणे सासू-सासऱ्यांच्या दोन घागरी मांडल्या. हे बाजारातून तीन घेऊन आले होते. तिसरी अगदी लहान, मुठीएवढी. मी विचारलं, "हे कोणासाठी?" म्हणाले, "कुंभारानं अशीच देऊन टाकली." पूजेत ती त्यांनी मांडली नाही. दुपारी पाहिलं तर कडुनिंबाच्या बुंध्याशी भरून ठेवलेली होती, वर एक कैरी. त्यावर आम्ही कधी बोललो नाही. संध्याकाळपर्यंत कैरी खारीने पळवली.

तर यंदा कार्ड करायचं होतं. नवे रंग आणले. ब्रश धुऊन घेतले, आठ नंबरचा आणि दोन नंबरचा. वऱ्हाडात उन्हाळ्यात जलरंग करणं म्हणजे तव्यावर चित्र काढणं. कागद ओला करून रंग टाकेपर्यंत कागद कोरडा होतो, आणि जिथे रंग अलगद विरायला हवा तिथे कडक रेघ उमटते. कुलर लावला तर उलटं होतं. हवेत इतका ओलावा येतो की कागद वाळतच नाही, शेपटीचा काळा पोटात घुसतो. म्हणून पहाटे साडेपाच ते साडेसात, एवढाच काय तो वेळ. कुलर बंद, पंखा बंद, घाम पुसायला गळ्यात पंचा. हे पाहून हे म्हणाले, "पैलवानासारखी दिसून राहिली." मी म्हटलं, "तुमी गाड्या मोजा."

दयाळाचा काळा हा ट्यूबमधला काळा नसतो. तो काळा मेलेला दिसतो. निळा आणि तांबूस तपकिरी यांचं घट्ट मिश्रण करावं, मग पाठीवर कुठे निळसर, कुठे जांभळट झाक येते, उन्हात खऱ्या पक्ष्याला असते तशी. पांढऱ्याचं मात्र वेगळं आहे. जलरंगात पांढरा रंग वापरत नाहीत. कागदच पांढरा असतो, तोच ठेवायचा. पोरांना हे शिकवताना माझा घसा कोरडा पडायचा. पोरं पक्षी रंगवून टाकायची आणि मग वरून पांढऱ्या पोस्टर कलरचा थर द्यायची. मी ओरडायची, "पांढरं काढायचं नसते रे, सोडायचं असते!" दयाळाचं पोट म्हणजे चित्रातला तेवढा भाग, जिथे मी काहीच करत नाही. सभोवताली रंगवत यायचं, काठापर्यंत यायचं आणि थांबायचं.

पहिल्या दिवशी मी थांबले नाही. हात पुढे गेला आणि पोटात काळा उतरला. दुसऱ्या दिवशी रंग मध्येच वाळला आणि पाठीवर नकाशासारख्या रेघा आल्या. तिसऱ्या दिवशी दयाळ कडुनिंबावर गात होता, मी मान वर करून पाहिलं, आणि इकडे ब्रशचा थेंब टपकला. चौथ्या दिवशी जमला. अगदी बरोबर जमला. चोच किंचित उघडी, गळा फुगलेला, पंखावरची पट्टी एका ब्रशच्या फराट्यात सोडलेली. मी परीक्षक असताना हा पक्षी माझ्याकडे आला असता तर मी बिनबोभाट 'अ' श्रेणी दिली असती. मी ते चित्र हातात धरून किती तरी वेळ पाहिलं, आणि मला काही वाटलं नाही. वाईट नाही, चांगलं नाही. भाजीची पिशवी पाहावी तसं मी ते पाहिलं.

भीती मात्र वाटत होती. तेवढी एक गोष्ट बधिर झालेली नव्हती. या हातानं काढलेला पक्षी मी कोणाच्या तरी तान्ह्या पोरीला नेऊन देणार होते. मी आशूला फोन करून विचारलं, "पोरगी बरी हाय ना नक्की?" ती म्हणाली, "बरी हाय." दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "आई, किती वेळा इचारतं? तूच ये ना कार्ड घेऊन. मंग पाह्य डोळ्यानं."

यांनी गाडीची वेळ सांगितली, स्टेशनवर सोडलं, आणि डबा कुठे लागतो ते उभं राहून दाखवलं. अकोल्याला उतरले तेव्हा आशू समोरच उभी होती. बारीक झालेली, डोक्याला ओढणी बांधलेली. फरहानाचं माहेर बार्शीटाकळीचं, तिचंही पहिलं बाळंतपण माहेरीच. आम्ही स्टेशनवरूनच बसने निघालो. खिडकीबाहेर नांगरून पडलेली काळी शेतं होती, ढेकळं तापून पांढुरकी झालेली. आशू बाहेर पाहत होती. मी पिशवीतल्या कार्डाला ऊन लागू नये म्हणून वर टॉवेल घातला होता. बसमध्ये पारा किती हे दोघींनाही दिसत होतं, त्यामुळे बोलायला विषयच उरला नाही.

फरहानाच्या अम्मी दारातच आल्या. "आओ बाई, आओ. इत्ती धूप में आये. पैले पानी पियो." मातीच्या माठातलं पाणी, वर शेवयांची वाटी. फरहाना पलंगावर बसली होती, चेहरा दमलेला, थोडा सुजलेला, आणि त्यावर नव्या आईची माया. म्हणाली, "काकू, तुमी खरंच घेऊन आल्या? मी तं आशूले कार्डाचं गंमतीनं म्हटलं होतं." मी कार्ड दिलं. तिने ते दोन्ही हातांनी घेतलं, अम्मींना दाखवलं, भिंतीवरच्या आरशाच्या कडेला खोचलं, मग काढून पुन्हा पाहिलं. "आत नाव लिहा ना काकू. सना." मी पर्समधून पेन काढून लिहिलं. 

बाळ खिडकीजवळ पाळण्यात होतं. साधा लाकडी पाळणा, बाजूंना गोल दांड्या, वर मच्छरदाणीची कमान. मी वाकून पाहिलं. झोपेत ती पोरगी ओठ हलवत होती, हवेतलं दूध पीत होती. अम्मी कौतुकानं म्हणाल्या, "ये झूला तो आशूने दिया. नया का नया. हमने बोला इत्ती बडी चीज कायकू, तो सुनी नहीं. रिक्षा करके लायी."

मी आशूकडे पाहिलं. ती शेवया खात होती, खाली मान घालून.

परतीच्या बसला वेळ होता. स्टँडसमोर उसाच्या रसाची गाडी होती, वर हिरवं नेट ताणलेलं. दोन ग्लास सांगितले, बिनबर्फाचे. बाकावर बसलो. लाकूड इतकं तापलेलं की आधी टॉवेल अंथरावा लागला.

मी विचारलं, "तो पाळणा कधी घेतला तू?"

तिने ग्लास बाकावर ठेवला. मग म्हणाली, "सातव्या महिन्यात. अमरावतीले यायच्या आधी. मोबाइलवर पाहिला आन् मागवून टाकला. तुह्या जावयाले म्हटलं, आईले सांगू नका, वरडंन. खोक्यातून काढलाबी नव्हता. माळ्यावर होता." थोड्या वेळाने म्हणाली, "पण घेतला तं होता ना."

मला काय ऐकू येतंय ते समजायला वेळ लागला.

"वर्षभर तो माळ्यावर होता," ती म्हणाली. "घरात गेलं का दिसे. मले वाटे, आपणच केलं हे. आपण नियम मोडला. मंग तू त्या दिवशी न्हाणीत कार्डं धूत होती. मी म्हटलं, झालं. आईले समजलं पाळण्याचं. यायनं सांगितलं असंन. म्हणून आई आता माह्याशी बोलत नाही."

"मी बोलत नाही? तूच तं बोलत नव्हती!"

"मी काय बोलू? तू माह्याकडे पाहत बी नव्हती, आई."

"अगं, मी कशी पाहू? मले वाटे, माह्या कार्डानं झालं. पंचवीस कार्डं केली मी. दिवस भरायच्या आधी."

आशूने मान वर केली. तिचा चेहरा अगदी चकित झालेला होता, परीक्षेत भलताच प्रश्न आल्यासारखा. "कार्डानं काय होते आई? कागद असते तो. पाळणा म्हणजे पाळणा असते."

"कागद काय कमी असते? रोज काढत होती मी, तुह्या डोळ्यासमोर."

"पण मीच सांगितलं ना तुले काढ म्हणून!"

"तू पोट्टी हाय. मले अक्कल पायजे होती."

आमचे आवाज इतके चढले की रसवाल्याने चरक थांबवला. दोन बायका भर उन्हात भांडत होत्या, चूक माझी, नाही माझी, आणि कोणी कोणाला सोडायला तयार नव्हतं. वर्षभर आम्ही दोघी एकाच गोष्टीखाली दबून होतो, एक अमरावतीत, एक अकोल्यात, आणि प्रत्येकीला वाटत होतं की दुसरी आपल्याला माफ करत नाहीये. आशूला मध्येच हसू आलं, आणि हसता हसता तिचा ग्लास कलंडला. रस बाकावरून खाली गेला. माशा आल्या.

मग जे सांगायचं ते राहिलंच होतं. कार्डं आणि पाळणा यांच्यामागे मी ते लपवून ठेवलं होतं, बहुतेक स्वतःपासूनही. मी म्हटलं, "आशू, नर्सनं मले इचारलं होतं. तुले दाखवायचं काय म्हणून. मीच नको म्हटलं."

"तू?"

"मी. चुकलं माहं. बाकी कशानं काही झालं नसंन, पण हे माह्याच हातानं झालं."

 रस्त्यावरून एक बैलगाडी गेली, एक मोटारसायकल गेली. मी तयारीत होते. तिने काहीही म्हटलं असतं तरी ते मला लागू होतं. तिने ओढणीने हात पुसले, एकेक बोट, सावकाश.

"मले वाटलं, यायनं नको म्हटलं असंन," ती म्हणाली. "मी त्यायले कधी इचारलं नाही." आणि मग, माझ्याकडे न पाहता, "कशी होती ती?"

एका वर्षात मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. किती दिवसांची, काय झालं, कोणता दवाखाना, पुढे काय, सगळं विचारलं. कशी होती हे कोणी विचारलं नाही. आणि मी तर पाहिली होती. चार-पाच मिनिटं, पण मी चित्रकलेची बाई, चार-पाच मिनिटांत मी पुष्कळ पाहते.

"केस होते," मी म्हटलं. "लय होते. कपाळावर चिकटलेले, कानाजवळ कुरळे. कान तुह्यासारखे, खालची पाळी चिकटलेली. वरचा ओठ जावयांचा. नाकाची तं अजून काही खात्री नव्हती." माझा आवाज कुठे तरी फाटला आणि मला कळलं की गालावर पाणी आहे. घाम म्हणावा तर तो इतका गरम नसतो. "उजव्या हाताची मूठ होती. डाव्या हाताची बोटं उघडी होती, लांब बोटं. नखं वाढली होती आशू. कापा लागली असती."

आशू रडत होती. हुंदका नाही, नुसती रडत होती, तोंड उघडं ठेवून, लहानपणी रडायची तशी. मी तिला जवळ घेतलं. अकोल्याची बस समोर येऊन लागली. कंडक्टरने दोनदा आमच्याकडे पाहिलं, घंटी मारली, आणि बस गेली.

"आणखी सांग," ती म्हणाली.